कर्जासाठी जागेवर दोघांची नावं: कोल्हापुरातल्या एका प्लॉटचा हिशेब

भाची आणि जावई घरी आले ते रविवारी, मे २०२४ मध्ये, प्लास्टिकच्या दोन फोल्डरांत कागद घेऊन. बँकेच्या कर्ज विभागात माझी अठ्ठावीस वर्षं गेली, म्हणून नात्यातल्या कुणाच्याही घरकर्जाची फाईल आधी आमच्या दिवाणावर येते आणि मग बँकेत जाते. जावईबापूंनी चहा यायच्या आत सांगून टाकलं, "मामा, बँक म्हणते जागेवर दोघांची नावं पाहिजेत. खर्च किती येईल तेवढं सांगा."

मामला साधा दिसत होता. कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत, उपनगरात, बिगरशेती लेआउटमधला दोन गुंठ्यांच्या आसपासचा मोकळा प्लॉट. क्षेत्र २०० चौरस मीटर. २०१९ मध्ये २१ लाखांना घेतलेला, खरेदीखत एकट्या जावयांच्या नावावर, सातबाराही त्यांच्याच नावाचा. आता त्यावर घर बांधायचं होतं आणि ३८ लाखांचं कर्ज हवं होतं.

३८ लाखच का, तर इंजिनिअरचं एस्टिमेट तेवढं होतं. ८.५ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर हप्ता ३३ हजारांच्या जवळ जातो. जावयांच्या हातात महिन्याला ५२ हजार येतात. बँक साधारण निम्मा पगार हप्त्यांसाठी मोकळा धरते, म्हणजे २६ हजार. त्यातून मोटारसायकलचे साडेतीन हजार वजा केले की उरतात साडेबावीस. एवढ्या हप्त्यात कर्ज बसतं सव्वीस लाखांच्या आत. भाची शिक्षिका आहे, तिच्या हातात ४८ हजार येतात. तिचा पगार धरला की ३८ लाख आरामात बसतात. तेव्हा कर्जाला तिची सही लागणार, यात वाद नव्हता.

पण कर्जाला सही लागते म्हणजे जागेवर नाव लागतं, असं नाही. काउंटरवरच्या पोराचं बोलणं जावयांनी उलटं ऐकलं होतं, की त्या पोरानंच उलटं सांगितलं होतं, देव जाणे. बँकांची रीत अशी: जागेचे जेवढे मालक, तेवढ्या सगळ्यांना कर्जदार व्हावं लागतं, कारण एखादा मालक बाहेर राहिला तर गहाण अर्धवट राहतं. जेवढे कर्जदार तेवढे सगळे मालक असलेच पाहिजेत, असा हट्ट मात्र नसतो. नवरा-बायकोच्या बाबतीत तर नसतोच. मालक नसलेली बायको सहकर्जदार झालेली शेकडो प्रकरणं मी स्वतः मंजूर केली आहेत.

हे सांगितल्यावर जावईबापूंचा चेहरा उजळला. भाचीचा नाही. तिनं दुसरं फोल्डर उघडून खरेदीखताचं शेवटून दुसरं पान माझ्यापुढे सरकवलं. नोंदणीच्या वेळी संगणकावर छापून येणारं ते पान सगळ्यांच्या ओळखीचं असतं: दस्तऐवज करून देणाऱ्यांना आपण व्यक्तिशः ओळखतो आणि त्यांची ओळख पटवतो, असं निवेदन करणाऱ्या दोघांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे. त्यातला एक फोटो तिचा होता. कपाळावर घामाचे थेंब, मागे कार्यालयाची पोपटी भिंत. २०१९ मध्ये ती त्या कार्यालयात दिवसभर बसून होती, पाच वर्षांच्या पगारातली शिल्लक आणि मोडलेला एक हार मिळून सहा लाख रुपये तिनं त्याच आठवड्यात नवऱ्याच्या खात्यावर टाकले होते, आणि दस्तात ती होती ओळख पटवणारी म्हणून.

"तेव्हा नाव का घातलं नाही?" मी विचारलं.

"वकील म्हणाले, एकच नाव सुटसुटीत पडतं," जावई म्हणाले.

या सुटसुटीतपणाचा राग मला नोकरीतही यायचा. खरेदीच्या दिवशी दोन नावं घातली काय आणि एक घातलं काय, मुद्रांक शुल्क तेवढंच असतं. ते मालमत्तेच्या किमतीवर लागतं, घेणाऱ्यांच्या संख्येवर नाही. महापालिका हद्दीत ५ टक्के मुद्रांक आणि १ टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार, म्हणजे २१ लाखांवर १,२६,०००. तेवढ्याच पैशात तिचं नाव लागलं असतं. वर टायपिंगची एक ओळ.

आता मात्र ते नाव लावायचं तर नवा दस्त हवा, आणि दस्त कोणता यावर खर्च ठरतो. शेजारच्या कुणी जावयांना सांगितलं होतं, लक्ष्मी मुक्तीत अर्ज द्या, तलाठी फुकट नाव लावतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकांच्या नावावर जमीन करण्याची जी चळवळ उभी केली, तिच्या पाठोपाठ १९९२ मध्ये सरकारनं सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली, हे खरं. पण ती शेतजमिनीसाठी. हा बिगरशेती प्लॉट. आणि बँकेच्या पॅनेलवरचा वकील सातबारा बघतो तो शेवटी, आधी बघतो नोंदलेला दस्त. सातबारा म्हणजे महसुली नोंद, मालकी त्यानं तयार होत नाही. दुसऱ्या एका एजंटानं हक्कसोडपत्र सुचवलं होतं. हक्क सोडायचा तर तो सहमालकाच्या लाभात. भाची अजून सहमालकच नव्हती.

राहिले दोन मार्ग, खरेदीखत आणि बक्षीसपत्र. त्या वर्षीच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात, म्हणजे आपल्या रेडीरेकनरमध्ये, त्या भागाचा दर १५,००० रुपये चौरस मीटर. २०० मीटरचे झाले ३० लाख, निम्म्या हिश्शाचे १५ लाख. निम्म्या हिश्शाचं खरेदीखत केलं तर ६ टक्क्यांनी ९०,००० मुद्रांक आणि १ टक्का नोंदणी फी १५,०००. एक लाख पाच हजार झाले. महिलांना मुद्रांकात १ टक्का सवलत आहे ना, असं जावयांनी मध्येच विचारलं. एप्रिल २०२१ पासून आहे, पण राहत्या घराच्या खरेदीला, मोकळ्या प्लॉटला नाही.

बक्षीसपत्र स्वस्त. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३४ मध्ये नवरा, बायको, भाऊ, बहीण, आईवडील, मुलं यांना दिलेल्या बक्षिसाला ३ टक्के. २०१५ पासून त्यात आणखी एक सवलत आहे: निवासी किंवा शेतीची मालमत्ता नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा वारलेल्या मुलाची बायको यांना दिली, तर मुद्रांक फक्त २०० रुपये. यूट्यूबवरच्या बाबानं जावयांना हेच २०० रुपये दाखवले होते. खिशातून शंभराच्या दोन नोटा काढून द्याव्यात अशा थाटात ते बोलत होते.

घोडं अडतं ते 'निवासी' या शब्दापाशी. प्लॉट निवासी विभागात आहे, बिगरशेती आदेशात निवासी प्रयोजन लिहिलंय, म्हणून तो निवासी मालमत्ता म्हणायचा? की त्यावर घर उभं असलं तरच निवासी? आम्ही ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो, तिथल्या साहेबांनी फाईल न उघडता सांगितलं, "घर कुठंय? मोकळी जागा. तीन टक्के." माझ्या मते त्यांचं वाचन चुकीचंच आहे असं नाही, पण वादाला जागा आहे. वाद घालायचा असेल तर कलम ३१ खाली मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे मुद्रांक किती लागतो ते ठरवून घेण्यासाठी, दस्त टाकता येतो. त्याला वेळ लागतो. बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत होती तीन महिने. तीन टक्क्यांच्या ४५ हजारांसाठी वीस वर्षांच्या कर्जाचं वेळापत्रक टांगणीला लावायचं का, हा प्रश्न होता, आणि दोघांनीही नकारार्थी मान हलवली.

म्हणजे १५ लाखांवर ३ टक्के ४५,०००, स्थानिक अधिभार १ टक्का १५,०००, नोंदणी फी १५,०००. एकूण ७५ हजार. शिवाय दस्त हाताळणीचे तेव्हा पानामागे २० रुपये होते.

इथं मी माझ्या मते फार शहाणपणाचा सल्ला दिला. म्हटलं, थांबा. आत्ता नाव लावूच नका. भाचीला नुसती सहकर्जदार करा, कर्ज घ्या, घर बांधा. घर उभं राहिलं की मालमत्ता निवासी आहे की नाही हा वादच उरत नाही. मग बँकेचं ना-हरकत पत्र घेऊन निम्मा हिस्सा बक्षीस द्या. तेव्हा किंमत वाढलेली असेल, ३० लाखांची जागा आणि ३५ लाखांचं बांधकाम धरलं तर निम्मे साडेबत्तीस लाख, त्यावर अधिभाराचा एक टक्का ३२,५००, मुद्रांक २०० आणि नाममात्र नोंदणी फी. चाळीस-बेचाळीस हजार वाचतात. आणि मधल्या काळात काही बरंवाईट झालं तर जावयांनी निम्म्या जागेचं मृत्युपत्र करून ठेवावं. त्याला मुद्रांक नाही, नोंदणीला शंभर रुपये. नाहीतर हिंदू उत्तराधिकार कायद्यानं बायको, मुलगी आणि जावयांची आई असे तीन समान वाटे पडतील.

भाचीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, कर्ज थकलं तर बँक कुणाकडं येणार?"

"दोघांकडं."

"निम्मं निम्मं?"

"नाही. दोघांकडूनही पूर्ण वसूल करू शकते. दोघांपैकी कुणाकडूनही."

"म्हणजे अडतीस लाखांचं कर्ज पूर्ण माझं, आणि जागा पूर्ण त्यांची. आणि तुम्ही म्हणताय दीड वर्ष थांब. दीड वर्षानं बँक ना-हरकत देईलच, हे कोण लिहून देणार? मृत्युपत्र तर उद्या सकाळी बदलता येतं."

नवरा शेजारीच बसला होता. त्याच्यावर अविश्वास असा त्यात नव्हता, आवाजही चढलेला नव्हता. जणू वर्गात गणित सोडवून दाखवावं, तसं ती बोलली. अठ्ठावीस वर्षांत सहकर्जदार बायकांच्या सह्या मी किती घेतल्या, आणि जागेत तुमचं नाव आहे का हे किती जणींना विचारलं, याचा मी तिथं बसून हिशेब करत होतो. जबाबदारीच्या कलमाखाली सही कुठं करायची ते बोटानं दाखवायचो, एवढंच. मी माझा सल्ला मागं घेतला. जावयांनीही पाच मिनिटं फोन चाळला आणि म्हणाले, "करू या आत्ताच."

प्राप्तिकराचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी घेतला, कारण लोक तोच आधी घेतात. सहमालक नसलेल्या सहकर्जदाराला घरकर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही, हे खरं. जुन्या पद्धतीत दोघं मालक असतील तर स्वतः राहत्या घरासाठी प्रत्येकी दोन लाखांपर्यंत व्याज वजा होतं. पण दोघांनीही नवी करपद्धती घेतलेली होती, आणि तिच्यात राहत्या घराच्या व्याजाला काही मिळत नाही. म्हणजे या घरात नाव लावण्यामागं कराचा फायदा हे कारण उरलंच नव्हतं. उलट बायकोला मोबदल्याशिवाय दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. उद्या प्लॉट विकला तर बक्षीस दिलेल्या निम्म्यावरचा भांडवली नफाही जावयांच्याच खात्यात धरला जाईल. बक्षिसावर भाचीला मात्र कर नाही, नवरा हा 'नातेवाईक' या व्याख्येत येतो. खरेदीखत करून तिचे सहा लाख मोबदला म्हणून दाखवता आले असते, पण १५ लाखांच्या हिश्शाला सहा लाख म्हणजे पुरेसा मोबदला नाही, आणि तीस हजार जादा जाणार होते. तो नाद सोडला.

आता सर्वांत महाग पडू शकली असती ती चूक. तिचा खर्च कुठल्याच तक्त्यात नसतो. दस्ताचा कच्चा मसुदा घेऊन जावई आले. टायपिस्टानं मिळकतीच्या वर्णनात लिहिलं होतं, "वर नमूद प्लॉटपैकी पूर्व बाजूचे क्षेत्र १०० चौ.मी." चतुःसीमासुद्धा दिलेल्या: पश्चिमेस लिहून देणार यांचे उर्वरित क्षेत्र. जावयांना ते बरोबर वाटलं. निम्मं म्हणजे शंभर मीटर, चुकलं कुठं?

ते तसंच नोंदलं गेलं असतं तर मालकी समाईक राहिली नसती, प्लॉटचे दोन तुकडे झाले असते. मंजूर लेआउटमधल्या प्लॉटची पोटफाळणी करायला वेगळी परवानगी लागते. मंजूर नकाशात घर दोन्ही तुकड्यांवर उभं. पूर्वेला बायकोच्या जागेत स्वयंपाकघर, पश्चिमेला नवऱ्याच्या जागेत बैठक, आणि मधोमध जिना. बँकेच्या वकिलानं ते वर्णन वाचून फाईल परत केली असती, आणि दुरुस्तीपत्राचा फेरा वेगळा. बरोबर शब्द असे लागतात: संपूर्ण २०० चौ.मी. क्षेत्रातील निम्मा, अविभक्त, समाईक हिस्सा. चतुःसीमा पूर्ण प्लॉटच्याच. मी लाल पेननं त्या चार ओळी खोडल्या. मसुदा करणाऱ्या वकिलांना फोन केला, तर ते म्हणाले, "हो, ते मागच्या फाईलचं राहिलं." कॉपी-पेस्टनं महाराष्ट्रात किती जमिनी वाटल्या गेल्या असतील कोण जाणे.

बक्षीसपत्राला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२३ प्रमाणे देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार आणि नोंदणी लागते. घेणाऱ्यानं ते स्वीकारावंही लागतं, म्हणून स्वीकारही दस्तातच लिहून घेतात. एक साक्षीदार मी, दुसरी भाचीची सहकारी शिक्षिका. ६०,००० चं ई-चलन भाचीनं स्वतःच्या खात्यातून भरलं. नोंदणी फीचे पंधरा हजार जावयांनी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसात, छत्र्या दाराशी टेकवून आम्ही आत गेलो. २२ पानांचा दस्त, हाताळणीचे ४४० रुपये. ऑपरेटर म्हणाला, "लिहून घेणार पुढं या." भाची खुर्चीत बसली आणि कॅमेऱ्याकडं बघायच्या आधी तिनं पदरानं कपाळ पुसलं.

नोंदणी झाली की ई-फेरफारची सूचना तलाठ्याकडे आपोआप जाते. फेरफाराला सरकारी फी नाही. फी नाही म्हणजे खर्च नाही असं कोल्हापुरात कुणी म्हणत नाही, पण आम्ही दिला नाही, आणि म्हणून असेल, पाच आठवडे लागले. हरकतीसाठी नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपली, तरी मंडळ अधिकाऱ्यांची प्रमाणन सही यायला आणखी तीन आठवडे गेले. त्यातले आठ दिवस सर्व्हर बंद.

एवढं होईपर्यंत बँकेनं दुसरा फाटा फोडला. बांधकाम परवाना एकट्या जावयांच्या नावाचा. मालक दोन झाले, परवाना एकाचा, हे वकिलाला चालेना. इंजिनिअरकडून नाव समाविष्ट करण्याचा अर्ज आणि नकाशाचं काम: सात हजार. बक्षीसपत्र नवीन, म्हणून टायटल सर्चला, म्हणजे मालकीच्या कागदांच्या तपासणीला, पुरवणी: दोन हजार. घरफाळ्याच्या नोंदीत नाव लावायचा अर्ज भाचीनं शाळा सुटल्यावर स्वतः जाऊन दिला.

मग गहाण. बँकेकडे मूळ कागद ठेवून होणाऱ्या गहाणाला महाराष्ट्रात मुद्रांक लागतो, पाच लाखांवरच्या कर्जाला ०.३ टक्के. ३८ लाखांवर ११,४००. त्यानंतर तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे गहाणाची सूचना दाखल करावी लागते, नोंदणी अधिनियमाच्या कलम ८९ब खाली, एप्रिल २०१३ पासून. ती जबाबदारी कर्जदाराची आहे, बँकेची नाही, आणि हे निम्म्या कर्जदारांना माहीत नसतं. हजार रुपये फी आणि तीनशे हाताळणी. पहिला सर्च आणि मूल्यांकन मिळून बँकेनं साडेनऊ हजार कापले.

जावईबापू हे सगळं एकाच वहीत एकाखाली एक लिहीत होते आणि बेरीज करून हबकत होते. मी मधोमध रेघ मारून दिली. रेघेच्या डाव्या बाजूला नावाचा खर्च: मुद्रांक व अधिभार ६०,०००, नोंदणी १५,०००, हाताळणी ४४०, वकिलांचे ६,०००, पुरवणी सर्च २,०००, परवान्याचे ७,०००. बेरीज ९०,४४०. उजव्या बाजूला कर्जाचा खर्च: ११,४००, १,३०० आणि ९,५००. बेरीज २२,२००. उजवीकडचा खर्च नाव एक असतं तरी झालाच असता. डावीकडचा मात्र २०१९ मध्ये एका ओळीत टळला असता.

पहिला हप्ता पायाच्या कामाला सुटला तो सप्टेंबरात. त्याच आठवड्यात भाचीनं नव्या सातबाऱ्याचा फोटो पाठवला. भोगवटादारांच्या रकान्यात जावयांच्या नावाखाली तिचं नाव, इतर हक्कात बँकेचा बोजा. खाली तिचा मेसेज: "मामा, माझं आडनाव ऱ्हस्व पडलंय. दुरुस्तीला किती?"